गलीना, इलिनॉय: आठ हजारांवरून तीन हजारांवर आलेलं गाव आणि त्याचे एकावर एक रस्ते

आई-बाबा साताऱ्याहून येऊन दीड महिना झाला होता. शिकागोच्या उंच इमारती पाहून झाल्या, सरोवराकाठच्या चकरा झाल्या. मग एके दिवशी बाबा म्हणाले, "इथलं एखादं जुनं गाव दाखव. दुकानं पुरे झाली." बाबांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कुठल्याही गावात पोचले की ते आधी नदी कुठून येते आणि कुठे जाते ते विचारतात. म्हणून मी गलीना ठरवलं, कारण त्या गावाचं जे बरंवाईट झालं ते नदीनं केलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार, आम्ही तिघं जाऊन आलो. शिकागो परिसरातल्या मराठी घरांमध्ये आई-वडील आले की कुठे न्यावं हा प्रश्न दरवर्षी पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

इलिनॉयच्या अगदी वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपीपासून चारेक मैलांवर, तिला मिळणाऱ्या गलीना नदीच्या काठी हे गाव आहे. जो डेव्हिस नावाच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, हे मुख्य ठिकाण. जनगणनेत इथली वस्ती १८५० साली ६,००४ होती, १८६० साली ८,१९६. तो कळस. पुढे १८७० साली ७,०१९, १९०० साली ५,००५, २००० साली ३,४६० आणि २०२० साली ३,३०८. गावात फिरताना भरभराटीच्या काळातली वस्ती १४,००० होती असं बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतं. कुठल्याही जनगणनेत तो आकडा नाही. खाणीवर हंगामापुरते येणारे, बोटींवरचे, आसपासच्या छावण्यांतले असे सगळे धरून कुणी तो काढला असेल. मी जनगणनेचाच धरते. त्याच काळात शिकागो १८५० साली २९,९६३ वर होतं आणि दहा वर्षांत १,१२,१७२ वर गेलं. १८२०च्या दशकाच्या अखेरीस मात्र चित्र उलटं होतं. शिकागो म्हणजे किल्ल्याभोवतीची चार घरं, आणि गलीना म्हणजे राज्यातलं गजबजलेलं खाणगाव.

आय-९० ने रॉकफर्ड, तिथून यूएस-२० ने फ्रीपोर्ट, स्टॉक्टन, एलिझाबेथ आणि गलीना. उपनगरातून तीन तास धरा, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर चार. फ्रीपोर्टपर्यंत मक्याची सपाट शेतं आहेत. स्टॉक्टन सोडलं की रस्ता अचानक चढू-उतरू लागतो, वळणं येतात, दोन्ही बाजूंना दऱ्या उघडतात. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "हे तर घाटासारखं झालं." इलिनॉयमध्ये राहून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. याचं कारण असं, की हिमयुगात मिडवेस्टचा बहुतेक भाग बर्फाच्या थरांनी रगडून सपाट केला, पण विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा आणि इलिनॉय यांच्या सांध्यावरचा हा तुकडा त्यातून सुटला. टेकड्या तशाच राहिल्या. बर्फाखाली न गेल्यामुळे शिशाचं खनिज गाळाच्या जाड थराखाली गाडलं गेलं नाही. ते फावड्याच्या अंतरावर राहिलं.

गावाचं नाव त्या खनिजाचंच. गलीना म्हणजे शिशाचं सल्फाइड: काळपट, चकाकणारे, अगदी घनाकार खडे. गावातल्या संग्रहालयात ते पाहायला मिळतात. मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक लोक गोऱ्यांच्या आधीपासून हे शिसं काढत होते आणि विकत होते. १८०७ पासून अमेरिकी सरकारनं शिशाच्या जमिनी स्वतःकडे ठेवून भाड्यानं द्यायचं धोरण घेतलं. १८२२ साली केंटकीच्या जेम्स जॉन्सनला असा पट्टा मिळाला आणि तो गुलाम मजूर घेऊन आला. इलिनॉय तेव्हा कागदोपत्री गुलामगिरीमुक्त राज्य होतं. गावाच्या संपत्तीचा पाया कुणाच्या घामावर घातला गेला, हे त्या सुंदर विटांच्या इमारतींसमोर उभं राहून विसरू नये असं मला वाटतं. १८२६ साली गावाची आखणी झाली, नाव ठरलं. १८४५ च्या सुमारास देशातल्या शिशापैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास शिसं या पट्ट्यातून निघत होतं. बंदुकीच्या गोळ्या, नळ, रंग, छापखान्याचे खिळे, सगळ्यालाच शिसं लागायचं.

आता रस्ते. गलीना नकाशावर पाहू नका, फसाल. नकाशावर सगळे रस्ते शेजारी-शेजारी दिसतात, प्रत्यक्षात ते एकावर एक आहेत. नदीकाठी कॉमर्स स्ट्रीट, त्यावर मेन स्ट्रीट, त्यावर बेंच स्ट्रीट, त्यावर प्रॉस्पेक्ट आणि हाय. मधे दगडी आणि लोखंडी जिने. प्रत्येक पायरीवर गावातली वेगळी माणसं राहायची: खाली धक्का आणि वखारी, मधे पेढ्या आणि दुकानं, वर पैसेवाल्यांची घरं आणि देवळांचे कळस. म्हणून आम्ही खालून सुरुवात केली.

पूर्वेच्या काठाला जुनं रेल्वे स्टेशन आहे, १८५७ सालचं, विटांचं. तिथेच आम्ही गाडी लावली आणि पादचारी पुलावरून गावात गेलो. पुलाच्या मध्यावर बाबा थांबले. खाली पाणी होतं, पण एखाद्या मोठ्या ओढ्याइतकंच. मी सांगितलं की इथे मिसिसिपीवरून वाफेच्या बोटी यायच्या, शिसं भरून सेंट लुईसला जायच्या, एका वेळी कित्येक बोटी काठाला लागलेल्या असायच्या. बाबांनी दोन्ही टेकड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "जंगल कधी तोडलं?" मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला, कारण खरं उत्तर तेच होतं. शिसं वितळवायला लाकूड लागायचं. टेकड्या बोडक्या झाल्या, खाणींनी जमीन उकरली, आणि प्रत्येक पावसात ती माती पात्रात उतरली. रुंद, खोल नदी गाळानं भरत गेली. बोटी येणं अवघड झालं. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ गाळाबद्दल बोलत राहिले, पाणलोट आणि उतार यांचा हिशेब मांडत राहिले. मला वाटतं, साताऱ्याहून आल्यापासून ते इतके रमलेले मी पाहिले नव्हते.

गाळ भरला की पूर आलाच. मेन स्ट्रीट वारंवार पाण्याखाली जायचा. आज गावाच्या दक्षिण तोंडाशी, हायवेवरून मेन स्ट्रीटवर शिरतो तिथे, मोठे हिरवे पूरदरवाजे आहेत. नदी चढली की ते बंद करतात आणि बांध व दरवाजे मिळून गाव कोरडं ठेवतात. बहुतेक लोक त्यांच्यामधून गाडी नेतात आणि मान वळवून पाहतही नाहीत. तुम्ही थांबा. दरवाजांची उंची पाहिली की नदीची ताकद कळते.

नदीनं हात आखडला तेव्हाच रेल्वेही आली. शिकागोची पहिली रेल्वे कंपनी या गावाच्या नावानं निघाली होती: गलीना अँड शिकागो युनियन. १८३६ साली तिला सनद मिळाली, १८४८ साली गाडी धावू लागली. नावात गलीना आधी, शिकागो नंतर. तेव्हाचा दोघांचा मान त्यात दिसतो. पण या कंपनीचे रूळ १८५३ साली फ्रीपोर्टला पोचले आणि तिथेच थांबले. गलीनाला रेल्वे आणली ती इलिनॉय सेंट्रलनं, १८५४ साली, आणि ती इथे न थांबता दुसऱ्या वर्षी थेट मिसिसिपीकाठच्या डनलीथला गेली, म्हणजे आजचं ईस्ट डुब्यूक. मोठ्या नदीवरच माल उतरवता येत असेल तर गाळ भरलेल्या उपनदीत बोट कोण घालेल? त्याआधी १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सोन्यानं खाणकामगार ओढून नेले होतेच, आणि उथळ शिसंही संपत आलं होतं. १८६० चा तो ८,१९६ चा आकडा म्हणजे भरती ओसरण्याआधीची शेवटची लाट.

कॉमर्स स्ट्रीटवर १८४५-४६ मध्ये बांधलेली जुनी मंडई आहे. भाजीपाल्याच्या बाजारासाठी इतकी देखणी इमारत बांधणारं गाव स्वतःला किती मोठं समजत असेल. तिथून जवळच ग्रीन स्ट्रीटवर १८५०च्या दशकाअखेरचं कस्टम हाउस आहे, आणि पोस्ट ऑफिस आजही त्याच इमारतीत चालतं. समुद्रापासून इतक्या आत जकातघर! तेव्हा हे खरोखरच बंदर होतं. या बांधकामावर देखरेख करणारा अभियंता इली पार्कर, मूळ रहिवाशांच्या सेनेका जमातीचा. इथेच त्याची आणि पुढे सेनापती व राष्ट्राध्यक्ष झालेल्या यूलिसिस ग्रँटची ओळख झाली. पुढे यादवी युद्धाच्या अखेरीस, ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचा जनरल ली ग्रँटला शरण आला, तेव्हा त्या शरणागतीच्या अटींची पक्की प्रत पार्करच्या हस्ताक्षरात लिहिली गेली, आणि १८६९ साली तो इंडियन अफेअर्स, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातींचा कारभार पाहणाऱ्या खात्याचा प्रमुख झाला. मूळ रहिवाशांपैकी त्या पदावर बसलेला पहिला माणूस. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते इमारतीच्या कोपऱ्यातल्या दगडाला हात लावून आले. अभियंता माणूस आहे, इतकंच म्हणाले.

मेन स्ट्रीट वळत जातो. तो सरळ नाही, कारण नदीचा काठ सरळ नव्हता. त्यामुळे एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही, विटांच्या दर्शनी भिंती एकामागून एक उलगडत जातात. १८५०च्या दशकातल्या आगींनी लाकडी बांधकामं खाल्ली आणि मग विटांची रांग उभी राहिली. सगळ्यात भव्य डिसोटो हाउस हॉटेल, १८५५ सालचं. मूळचं पाच मजली, २२५ खोल्यांचं. २३ जुलै १८५६ रोजी अब्राहम लिंकन त्याच्या सज्जातून बोलले. १८८० साली वरचे दोन मजले उतरवून टाकावे लागले. हॉटेल आजही चालू आहे. समोर उभं राहून नसलेले दोन मजले मनानं चढवून पाहा. ८,१९६ वरून ६,४५१ वर येणं म्हणजे काय ते तिथे डोळ्यांना दिसतं. हा दुसरा आकडा १८८० च्याच जनगणनेचा आहे.

दुकानांबद्दल मी फार लिहीत नाही. फज, वाइन, मेणबत्त्या, गरम मसाल्याच्या वासाची सॉसं. आईनं एक लोकरीची टोपी घेतली आणि ती खूश झाली.

बेंच स्ट्रीटचं नावच बोलकं आहे: डोंगराच्या अंगावर कोरून काढलेला सपाट टप्पा. इथे कोर्ट आहे, १८५१ सालचं अग्निशमन घर आहे, १८३८ सालचं प्रेस्बिटेरियन चर्च आहे. संग्रहालय आम्ही पाहिलं ते याच रस्त्यावर. त्यात व्यंगचित्रकार थॉमस नास्टनं १८९५ साली काढलेलं शरणागतीचं भलंमोठं चित्र आहे. ग्रँट आणि ली दोघं उभे, आणि पराभूताचा अपमान कुठेही नाही. त्याच्यासाठी वेळ काढा.

बेंचवरून प्रॉस्पेक्टकडे जुन्या हायस्कूलशेजारचा जिना जातो. दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. मी चढले, मधे दोनदा थांबले. आईच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं, म्हणून नंतर आम्ही गाडीनं वर गेलो आणि तेच योग्य होतं. वरून घरांची छपरं, घंटाघरं, खाली वळलेला मेन स्ट्रीट, पलीकडे नदीची बारीक रेघ. दुपारी चारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं आणि समोरच्या टेकडीवरची झाडं पेटल्यासारखी दिसतात. फोटोसाठी तीच वेळ.

वर हाय स्ट्रीटवर एक साधं विटांचं भाड्याचं घर आहे. १८६० च्या वसंतात ग्रँट बायका-मुलांना घेऊन तिथे राहायला आला. सैन्य सोडलेला, शेतीत आणि धंद्यात अपयश आलेला, वडिलांच्या मेन स्ट्रीटवरच्या चामड्याच्या दुकानात भावांच्या हाताखाली काम करणारा. रोज तो जिने उतरून दुकानात जायचा आणि संध्याकाळी चढून घरी यायचा. वर्षभरात युद्ध सुरू झालं. एप्रिल १८६१ मध्ये तो गावच्या तुकडीबरोबर निघाला आणि सव्वाचार वर्षांनी देशाचा सर्वोच्च सेनापती होऊन परतला. एवढ्याशा गावातून यादवी युद्धाला नऊ जनरल मिळाले; पार्कर आणि जॉन रॉलिन्स त्यातलेच. घर खासगी आहे, बाहेरूनच पाहा, अंगणात शिरू नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका फुटपाथची आहे. युद्ध चालू असताना पुढे राजकारणात काय व्हायला आवडेल असं विचारल्यावर ग्रँट म्हणाला होता, की गलीनाचा महापौर, म्हणजे माझ्या घरापासून स्टेशनपर्यंत फुटपाथ बांधता येईल. ऑगस्ट १८६५ मध्ये तो परतला तेव्हा गावकऱ्यांनी स्वागताच्या कमानीवर लिहिलं होतं, जनरल, फुटपाथ बांधून झाला आहे. आणि त्याच दिवशी त्याला पूर्वेच्या टेकडीवर बूथिलियर स्ट्रीटवरचं नवंकोरं घर भेट दिलं. १८६० साली बांधलेलं ते घर गावच्या श्रीमंतांनी २,५०० डॉलरना घेतलं होतं. १९०४ साली ग्रँटच्या मुलांनी ते गावाला दिलं, १९३१ साली ते राज्याकडे गेलं. आतलं बरंचसं सामान ग्रँट कुटुंबाचंच आहे.

आत एका खोलीत मी आई-बाबांना सांगितलं, की हा माणूस आपल्या मुंबईला येऊन गेलाय. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर त्यानं जगाची सफर केली. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईत उतरला, मलबार पॉइंटच्या गव्हर्नर निवासात राहिला, घारापुरीची लेणी पाहायला गेला. आईचा पहिला प्रश्न: "म्हणजे ग्रँट रोड याचाच?" नाही. तो रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर. पण घारापुरीची त्रिमूर्ती पाहून त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हा माणूस याच घराच्या दारात परत आला, हे ऐकल्यावर आईला ते घर जरा ओळखीचं वाटू लागलं.

गाव टिकलं कसं, याचं उत्तर बाबांनीच काढलं. "पैसे नव्हते म्हणून पाडलं नाही." अगदी तसंच. वस्ती घटत असताना नव्या इमारतींची गरज नव्हती आणि जुन्या पाडण्याइतका पैसाही नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागोचे लोक येऊन ही स्वस्त घरं घेऊ लागले, दुरुस्त करू लागले. १९६९ साली गावाचा मोठा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदीत गेला. आज सुमारे ८५ टक्के गाव त्या हद्दीत मोडतं. राहणारे ३,३०८ आणि पाहायला येणारे त्याच्या कितीतरी पट. न्याहारीच्या ठिकाणी वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, की त्यांना गावात भाड्यानं घर मिळत नाही, बरीच घरं पाहुण्यांसाठी राखलेली असतात. त्या डुब्यूकहून रोज येतात. आकडा अजून का घटतोय याचं एक कारण तिथे मला मिळालं.

आता जाणाऱ्यांसाठी. ऑक्टोबरचे शनिवार-रविवार टाळा. गर्दी, महाग खोल्या, आणि पार्किंगसाठी फेऱ्या. मधल्या वारी गेलात तर गाव तुमचं असतं, मात्र सोमवार-मंगळवारी काही ऐतिहासिक स्थळं बंद असू शकतात. म्हणून मंगळवार प्रवासाला आणि रस्ते फिरायला ठेवा, बुधवार ग्रँटचं घर आणि संग्रहालयाला. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी फोन करा. संध्याकाळी पाचनंतर बरीच दुकानं मिटतात, तेव्हा खरेदी दुपारीच उरका.

रेल्वेनं जाता येत नाही. शिकागो ते डुब्यूक अ‍ॅमट्रॅकची ब्लॅक हॉक गाडी १९७४ ते १९८१ इथे थांबायची, मग बंद झाली. गाडी हवीच. यूएस-२० च्या शेवटच्या टप्प्यात अंधार पडायच्या आत पोचा; वळणं आहेत आणि हरणं रस्त्यावर येतात. टेकड्यांमध्ये आमचा फोन दोन-तीन ठिकाणी गप्प झाला, नकाशा आधी उतरवून घ्या. हिवाळ्यात जिने आणि चढाचे रस्ते निसरडे होतात, ज्येष्ठांना तेव्हा नेऊ नका.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी आम्ही केलेली सोय सांगते. नदीकाठ आणि मेन स्ट्रीट पायी, कारण तो भाग सपाट आहे. बेंच, प्रॉस्पेक्ट आणि हाय गाडीनं. एकाच पातळीवर चालायचं, पातळी बदलायची ती गाडीनं. जिना उतरायला सोपा असेल असं समजू नका, गुडघ्यांना उतरणंच जास्त जाचतं. पूर्वेच्या काठाला ग्रँट पार्कमध्ये बाकं आहेत, ग्रँटचा १८९१ सालचा पुतळा आहे, आणि समोर सगळं गाव पायऱ्या-पायऱ्यांनी चढताना दिसतं. आई तिथे तासभर बसली. आमच्या सगळ्या सहलीत तिला ती जागा सगळ्यात आवडली.

शाकाहारी असाल तर पिझ्झा, पास्ता, सूप, अंडी मिळतात, पण आम्हाला गावात भारतीय जेवण दिसलं नाही. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे ठेपले बांधून घेतले होते, ते दोन्ही दिवस कामी आले. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. मोठं किराणा दुकान हवं असेल तर डुब्यूक अर्ध्या तासावर.

परतीच्या वाटेवर गावाबाहेर पूर्वेला हॉर्सशू माउंड आहे. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, त्यामुळे आई-बाबांना फार चालावं लागलं नाही. हवा स्वच्छ असेल तर तिथून इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन तिन्ही दिसतात. खाली गलीनाचे कळस, दूरवर मिसिसिपीचं खोरं. टेकड्यांवर आता पुन्हा गच्च झाडी आहे, लाल आणि पिवळी. बाबांनी विचारलं, "एवढी झाडं परत आली, मग नदीतला गाळ आता कमी येत असेल ना?" मी म्हटलं, बघते शोधून. त्यांनी खिशातली वही काढली आणि नदीचं वळण, बांध आणि दरवाजे कुठे आहेत त्याचा एक छोटा नकाशा काढून घेतला.